बोटभर पट्टी

चूक माझी आणि बोटभरच. पण ती झाली आमच्या मामेसासऱ्यांच्या बाबतीत, आणि धरलेली गोष्ट न सोडण्यात त्यांच्या तोडीचा माणूस अख्ख्या नाशिकात नाही. देवादिकांची जुनी छापील चित्रं ते जमवतात, आणि चित्रावर चित्रकाराचं नाव नसेल तर ते शोधून काढेपर्यंत त्यांना अन्न गोड लागत नाही. शोधही चेहऱ्यावरून नाही, पायांवरून. "चेहरा कुणीही चोरतो, जावईबापू. पायाची बोटं ज्याची त्याची असतात." चांदवडला एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो, मयत होऊन तीन दिवस झालेले. सगळे माना खाली घालून बसलेले आणि मामा स्टुलावर चढून भिंतीवरचे दत्त उतरवतायत. "अवो, आमचा देव कुठं नेता?" घरातली म्हातारी ओरडली. "नेत नाही हो, पाय बघतोय!" पाचच मिनिटांत म्हातारी स्वतः स्टूल धरून उभी होती आणि दुसऱ्या भिंतीवरचा मारुती दाखवत होती.

त्यांची सगळ्यात लाडकी म्हणजे लोणी घुसळणारी यशोदा. तिच्यावर नाव नव्हतं. सात वर्षं मामांनी जुन्या बाजारातल्या विक्रेत्यांना पत्रं घातली, यशोदेच्या करंगळीचा फोटो साऱ्या नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. शेवटी गेल्या महिन्यात म्हणाले, "यानं मुद्दामच नाव घातलं नाही. केवढा निर्मोही माणूस!" आणि रोज त्या चित्रकारासाठी चित्रापुढे मोगऱ्याचं फूल ठेवू लागले.

ते फूल मला बघवेना. कारण सात वर्षांपूर्वी ती यशोदा मामांनी उघडून बघण्याआधीच मेनरोडला फ्रेम करायला मीच नेली होती. स्कूटर नो-पार्किंगमध्ये, तयार फ्रेम बोटभर आखूड. "खालची पट्टी उडवू का? बारीक काहीतरी छापलंय नुसतं," दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "उडवा."

परवा हे सगळं मामांना सांगितलं.  त्यांनी पेन्सिल काढली. "किती अक्षरं होती?"

"वाचलीच नाहीत, मामा. चुकलो मी. माफ करा."

"माझी कसली मागता, जावईबापू? त्याची मागा."

मी यशोदेपुढे हात जोडले. नाव घेऊन माफी मागावी, तर नाव मीच कापलेलं. मग तिच्या पायांच्या बोटांकडे बघत म्हटलं, "चुकलो हो."