धनीबाईनं बांधलेलं सामान

धनीबाई घाटंजीच्या मुलींच्या शाळेत घंटा वाजवायची, माठ भरायची, फळे पुसायची. एकोणीसशे बासष्टच्या श्रावणात गाईडच्या चौदा पोरींनी पुसदकडच्या डोंगरावर दोन दिवस पायी जायचं ठरलं, आणि सामान बांधायला नेहमीसारखा शिपाई फुलचंद निघाला. तेव्हा ती विमलताईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. विमलताई पथकाच्या बाई. वयानं लहान, शिस्तीला मोठ्या.

"बाई, यंदा मले न्या. तो डोंगर आमचा हाये."

"तुमचा?"

"माहा आजा मिठाचे बैल घेऊन त्याच वाटेनं जाये. म्या नुसतं ऐकलं, पाह्यलं नाही. अन् फुलचंद कायले? तो तर धोतराची गाठ बायकोकून बांधून घेते."

"ऐकलं म्या!" दारातून फुलचंद ओरडला.

"तुले ऐकू याले तर सांगून राह्यली!"

विमलताईंनी हसू दाबलं. "बरं, तू चल. पण पावसाचं सामान तुझ्याकडे. पोरींचे हाल झाले, तर पुढच्या वर्षीपासून फुलचंदच."

धनीबाईनं मान हलवली आणि आनंदाच्या भरात त्या दिवशी शाळा वीस मिनिटं आधीच सोडून दिली.

पोरींनी घरून मिळेल ते आणलं: मेणकापडाचे तुकडे, घोंगड्या, पोत्याच्या खोळी, आणि डॉक्टरांच्या मैनेनं खराखुरा रेनकोट. व्हरांड्यात हे सगळं पसरून धनीबाई कामाला लागली. लदेणीवर, म्हणजे बैलांवर माल लादून हिंडणाऱ्या तिच्या घराण्यात, पावसाचा एकच नेम होता. माणूस भिजला तर वाळतो, मीठ भिजलं तर वाहून जातं. तिनं पीठ, डाळ, काडेपेट्या, पोरींचे कोरडे कपडे यांचे चौदा गठ्ठे केले. त्यावर मेणकापड, त्यावर घोंगडी, त्यावर खोळ. आणि दाभणानं तोंडं शिवून टाकली. रेनकोट गुळाच्या ढेपेला अगदी मापात बसला. बाह्यांची गाठही सुरेख आली. विमलताई "वा!" म्हणाल्या, पण स्वतःची पिशवी त्यांनी स्वतःच भरली.

मोटारीतून उतरून गठ्ठे पाठीवर घेतले आणि चढ सुरू झाला. अर्ध्या वाटेवर समोरचं टेकाड पुसलं गेलं, मग सागाची झाडं, मग पुढच्या पोरीची पाठ. पाऊस असा आला की बोलायला तोंड उघडलं तरी पाणी आत जात होतं.

"धनीबाई, पावसाचं सामान काढ!"

धनीबाईनं पाठीवरचा गठ्ठा थोपटला.

"अगं, कुठंय ते?"

"घातलं हाये न, बाई. सामानाले."

"सामानाला? आणि पोरींना?"

धनीबाईनं पोरींकडे पाहिलं. पोरीही भिजतात, हे तिला आत्ताच कळल्यासारखं झालं.

"उसव ते टाके!"

"चाकू आतमंदी राह्यला, बाई. कोणत्या गठ्ठ्यात, ते काही सांगता येत नाही."

"अन् माहा रेनकोट?" मैनेनं विचारलं.

"गुळाले घातला, माय."

मग मैनाच फस्सकन हसली, आणि तेरा जणी तिच्यावर कोसळल्या. हसण्यापायी कुणाला चालवेना. एकदा पुरतं भिजल्यावर भिजायची भीती ती काय राहणार? पोरी ओहळातून धावल्या, चिखलात बसल्या, उलट्या छत्रीत पाणी झेलून एकमेकींवर ओतू लागल्या. ती छत्री विमलताईंची होती. एकटी धनीबाई हसत नव्हती. आजानं जन्मभर चढलेला डोंगर आपण एका दिवसात घालवला, असं तिला वाटत होतं.

माथ्यावर जंगलखात्याच्या चौकीत उकंडा नावाचा रखवालदार होता. त्यानं विळ्यानं टाके कापले. पहिल्याच गठ्ठ्यातून पिठाचा पांढरा धुरळा उडाला. पहिल्याच काडीनं चूल पेटली. कपडे तर पेटीतून आत्ताच काढल्यासारखे! पाच मिनिटांत चौदा पोरी खडखडीत कोरड्या होऊन गूळ खात बसल्या.

विमलताईंनी आपली पिशवी उलटी केली. आधी पाणी आलं, मग लुगडं.

त्या कुडकुडत उभ्या राहिल्या. धनीबाईनं आपला जादा फेटिया, म्हणजे बंजारी घागरा, आणि त्यावरची काचळी चोळी पुढं केली.

आतल्या खोलीतून विमलताई बाहेर आल्या, तेव्हा घेरदार फेटियावरच्या आरशांनी चुलीचा जाळ उचलला आणि भिंतीभर उजेडाचे ठिपके पळू लागले.

"बाई, फिरा ना!" पोरी ओरडल्या.

"काहीतरीच!" म्हणत विमलताई फिरल्याच.

"तशा नाही, बाई," धनीबाईला राहवेना. "कमर सोडा जराशी. हां, अशा!"

विमलताई घेरी येईपर्यंत फिरल्या आणि धपकन एका गठ्ठ्यावर बसल्या. दम खात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी चिखलदऱ्याला न्यावं म्हणते. तिथला पाऊस आठ-आठ दिवस थांबत नाही म्हणे."

"फुलचंदले सांगू का मंग?" धनीबाईनं खाली बघत विचारलं.

"त्याला येतं का असं शिवता?"

धनीबाईनं उभ्या जागी गर्रकन एक गिरकी घेतली. मग खाली बसली आणि बोटं मोजत गंभीरपणे म्हणाली, "तर मंग बाई, मेणकापड दुप्पट लागन. सामानाले येगळं, पोरीईले येगळं."