फुकेतहून परत आलेला नारळ

रत्नप्रभा खवणेकर आमच्या शेजारची. घाटकोपरच्या पंतनगरात आमची दारं समोरासमोर, आणि दुकानही एकच. तिचा नवरा जयवंत गिरणीत वायरमन होता. संपात गिरणी बंद पडली तेव्हा माझ्या नवऱ्याने, अनंतने, त्याला आपल्या पंख्यांच्या दुकानात भागीदार करून घेतलं. लोक म्हणायचे, अनंतने उपकार केले. मी सांगते, उपकार-बिपकार काही नाही. जयवंत आल्यावर दुकान चालायला लागलं, नाहीतर अनंत गिऱ्हाइकाशी राजकारणावर वाद घालून त्याला हात हलवत परत पाठवायचा.

रत्नप्रभा वेंगुर्ल्याकडची. अंगाने काटकुळी, तोंडाने फटकळ, आणि एक गोष्ट सोडली तर कशाला न भिणारी. ती गोष्ट म्हणजे समुद्र. समुद्राकाठी जन्मून तिला पोहता येत नव्हतं, आमच्यात बायका कुठे पोहतात, म्हणायची. तिचा धाकटा भाऊ लवू मालवाहू बोटीवर खलाशी होता. आई लवकर गेल्यामुळे तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. त्यामुळे नारळी पौर्णिमा जवळ आली की हिचा जीव थाऱ्यावर नसायचा. माहूलच्या खाडीवर जाऊन ती समुद्राला नारळ द्यायची, आणि तोही असोला, वरचं सोडण न काढलेला. असोला नारळ बुडत नाही, लांबवर जातो, लवूच्या बोटीपर्यंत, असा तिचा हिशेब. लाटेबरोबर परत आला तर समुद्राने घेतला नाही असं समजायचं आणि पुन्हा द्यायचा, घेईपर्यंत द्यायचा. "अगं, गाळात रुतत असेल तो, लवूकडे कुठला जातोय," मी तिला चिडवायचे. 

सत्त्याऐंशी साली पंख्याच्या कंपनीने जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना बायकांसकट फुकेतला न्यायचं ठरवलं. थायलंडमधलं बेट, समुद्राला लागून हॉटेल, सगळा खर्च कंपनीचा. श्रावणातच का, तर तेव्हा तिकडे पावसाळा, समुद्र खवळलेला आणि हॉटेलं ओस, म्हणून स्वस्त. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही घाबरलो ते भलत्याच गोष्टींना. पासपोर्ट चोरतात म्हणून मी परकराला आतून खिसा शिवला. मंगळसूत्र घालून जायचं की खोटं न्यायचं यावर बिल्डिंगभर चर्चा झाली. जेवणात कसलं मांस घालतील नेम नाही, म्हणून अर्धी बॅग चिवड्याने भरली. विमानतळावर कंपनीच्या माणसाने सूचना दिल्या त्याही पैसे आणि टॅक्सीवाल्यांबद्दल. समुद्राबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. समुद्र काय, आपल्याकडेही आहेच की, असंच सगळे धरून चालले होते.

रत्नप्रभाच्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला असोला नारळ होता. पौर्णिमा नेमकी त्याच दिवसांत येत होती.

"तिथे पावलोपावली माड असतील गं," मी म्हटलं.

"आसांदेत. ह्यो आमच्या माडाचो," ती म्हणाली. एरवी माझ्याशी मुंबईचं बोलायची, पण लवूचा विषय निघाला की गावचं तोंडात यायचं.

पौर्णिमेच्या सकाळी आम्ही चौघं किनाऱ्यावर गेलो. आभाळ भरलेलं होतं आणि वाऱ्यात पदर आवरत नव्हता. वाळूत एक लाल झेंडा रोवलेला होता. तो कशासाठी, हे आमच्यातल्या कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. अनंत आणि जयवंत कॅमेऱ्याशी झटापट करत मागे राहिले. रत्नप्रभाने नारळाला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि तो लाटेत टाकला.

नारळ परत आला. तिने पुन्हा टाकला, या वेळी जोर लावून. तो पुन्हा आला, आणि तिच्या पावलांना लागून थांबला. तिसऱ्यांदा लाटेने तो आमच्या मागे, पार कोरड्या वाळूवर नेऊन टाकला. मी हसणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले. लवू कुठल्याही बंदरात उतरला की दुकानात फोन करायचा, आणि बरेच दिवस त्याचा फोन आला नव्हता.

"शुभा, घेत नाही गं तो."

"लाटा मोठ्या आहेत, म्हणून."

"लवूचं काहीतरी झालंय."

मग तिला ती जागा दिसली. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस उसळत होता, आणि मधे पाण्याचा एक पट्टा अगदी शांत होता. तिथे एकही लाट फुटत नव्हती. पाणी जरा काळपट, तेल ओतल्यासारखं सपाट. मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं की तिथे जा, तिथे बरं आहे. तीच जागा सगळ्यात वाईट असते, किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी तिथूनच ओढीने आत परत जातं, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर, परमुलखात, त्या दिवशी कळलं.

ती नारळ घेऊन पट्ट्यात शिरली. गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबेल असं मला वाटलं, पण तिला आता टाकायचा नव्हता, हाताने नेऊन द्यायचा होता. पाणी कमरेला आलं. ती माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली, आणि तिच्या पायाखालची वाळू सरकली. मला ते दिसलं, कारण ती एकदम गळ्यापर्यंत खाली गेली. मी हाक मारली तेव्हा ती माझ्यापासून लांब होती, दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा इतकी लांब की आवाज पोचेना. ती पोहत नव्हती, हातपायही मारत नव्हती. नुसती जात होती.

जयवंत बुटांसकट धावला. तो पाण्यात शिरणार तोच हॉटेलचा एक माणूस मागून आला, चड्डीतला, उघडा, आणि त्याने जयवंतच्या कमरेला मिठी घालून त्याला वाळूवर आपटलं. जयवंत शिव्या देत उठला, त्या माणसाने त्याला पुन्हा आडवा केला. मीही त्या माणसाच्या पाठीत गुद्दे घातले. आमचं माणूस बुडतंय आणि हा आम्हालाच धरून ठेवतोय. त्याने झेंड्याकडे बोट केलं, अनंतला जयवंतच्या अंगावर अक्षरशः ढकलून बसवलं, एक लाकडी फळी उचलली आणि त्याच शांत पट्ट्यात उडी घेतली.

पाण्याने त्यालाही तसंच उचलून नेलं. तो तिच्यापाशी पोचलेला दिसला. आता फिरेल म्हणून मी वाट बघत होते, तर तो आमच्याकडे येईचना. फळी घेऊन किनाऱ्याला समांतर, आडवाच लांब निघून गेला. मधे लाट उठली की दोघंही दिसेनाशी व्हायची. जयवंत तोपर्यंत ओरडायचा थांबला होता. तो वाळूवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरत होता आणि "माझी चूक, माझी चूक" म्हणत होता. चूक त्याची कसली? 

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, जिथे लाटा फुटत होत्या, तिथे त्या लाटांनीच दोघांना बाहेर आणलं. आम्ही धावत पोचलो तेव्हा रत्नप्रभा ओणवी होऊन खारं पाणी ओकत होती. साडी अंगावर नव्हती, तिच्या पायांत गुंतायला लागली तशी त्या माणसानेच सोडून दिली होती. आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेला होता तो नारळ. जयवंतने तो सोडवायला बघितला तर तिची बोटं सुटेनात.

सगळे म्हणाले, असोल्या नारळाने तारलं. तो माणूसही खुणेने तेच सांगत होता, नारळ धरून ती पडून राहिली म्हणून वाचली, झगडली असती तर गेली असती.  परतीच्या विमानात रत्नप्रभाने माझा दंड धरला.

"द्यायला गेले होते मी. हातात होता. सोडला असता की घेतला असता समुद्राने."

"आणि तू?"

"तेच ना. पाण्यात मला लवू आठवलाच नाही. मीच हवी होते मला."

नारळ तिने घरी आणला, देवाजवळ ठेवला, पण फोडेना. दिवस तसे फार भीतीचे गेले. दुकानात फोन वाजला की जयवंत आधी रिसीव्हरवर हात ठेवून उभा राहायचा, मग उचलायचा. लवूचा नसायचाच. लवूच्या बोटीच्या कंपनीत चौकशी केली, बोट लांबच्या फेरीवर आहे, एवढंच उत्तर. रत्नप्रभा भाजी निवडता निवडता मधेच थांबायची. मी तिला समजवायचे, रागवायचे, आणि घरी येऊन कुलदेवतेला नवस बोलायचे, कारण तिची ती भीती आता मलाही लागली होती.

दिवाळीच्या तोंडावर लवू दारात उभा राहिला. काळवंडलेला, दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. बोटीचं इंजिन बिघडून कुठल्याशा बंदरात पडून होते सगळे.

"ताय, भूक लागली. काय केलंस?" एवढंच म्हणाला तो.

तिने तो नारळ सोलला, फोडला, खवला, आणि नारळीभात केला. लवूने मागून मागून खाल्ला. कुठला नारळ म्हणून त्याने विचारलं, तर गावचा, म्हणाली. जयवंत खाली मान घालून जेवत राहिला.

जेवणं झाल्यावर ती माझ्याबरोबर गॅलरीत आली. मला वाटलं, आता तरी रडेल, मोकळी होईल. लवू आत जयवंतला काहीतरी सांगत हसत होता. 

"आता सुटलीस ना?" मी विचारलं.

"तो आलाय, बरं झालं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण शुभा, परत तशी वेळ आली तर मी तो नारळ परतही नाही सोडणार. आता मला दर्याची भीती नाही वाटत. माझीच वाटते."