मोकसेदच्या अर्जावरची सही

मोकसेद अली गेला तेव्हा गावात भोंगा फिरवायला मीच उरलो होतो. म्हणून हे सांगतोय, नाहीतर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द काढायची मला कधीच हौस नव्हती.

शिमुलतला हे आमचं बाजाराचं गाव, मयमनसिंगच्या उत्तरेला. ढाक्यात दोन पक्ष आणि दोन घराणी, तशीच आमच्याकडेही दोन. खोंदकार आणि भुइयां. नगरपालिकेच्या चेअरमनची खुर्ची चाळीस वर्षं या अंगणातून त्या अंगणात. बाप गेला की मुलगा, मुलगा तुरुंगात गेला की सून. आम्ही दोघं त्यांचे भोंगेवाले. रिक्षात बॅटरी, टपावर भोंगा, हातात माइक. मोकसेद खोंदकारांचा आणि मी, इद्रिस, भुइयांचा. निवडणुकीत एकमेकांच्या मालकांचे वाभाडे काढायचे आणि संध्याकाळी हारूनच्या टपरीवर एकाच बाकावर बसून कोरा चहा प्यायचा.

आवाज माझाही खणखणीत होता. पण मोकसेदचा आवाज लोकांच्या काळजाला हात घालायचा, आणि ते काही शिकून येत नाही. कुणी मेलं की तो घोषणा करायला फुकट जायचा. कुणाची बकरी हरवली तरी फुकट. माझा बाप वारला तेव्हा मी माइक घेऊन निघालो, पण तोंडातून शब्द फुटेना. त्याने माइक माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, “भावांनो, ज्यांनी आपल्या सगळ्यांच्या होड्यांना डांबर लावलं, ते कासेम मिस्त्री आज आपल्यात नाहीत.” अख्खा बाजार रडला. बाप माझा, आणि लोकांना रडवलं त्याने. ते मला अजून सलतं.

मग ते वर्ष आलं. ढाक्यात लष्कराच्या जोरावर बसलेलं सरकार तिथल्या दोन्ही घराण्यांना बाजूला सारायची भाषा करत होतं. आमच्या निरंजन मास्तरांनीही मनावर घेतलं. मास्तर म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांचे कान पिळलेला माणूस. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शाळेच्या पटांगणात सभा घेतली आणि म्हणाले, “या खेपेला खोंदकार नको, भुइयां नको. आपल्यातला एक उभा करू.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खरं सांगतो, माझ्या मनात आलं, आता माझं नाव निघेल. गावात मला कोण ओळखत नाही? तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “मोकसेदभाई.” आणि मग सगळेच म्हणाले. मी कुडत्याचं बटण लावत बसलो.

घरी आलो तर बायको, हुस्नआरा, मासे साफ करत होती. मी म्हटलं, “कुणाला माझं नाव सुचू नये?”

“तुमचं का सुचेल?” ती मान वर न करता म्हणाली. “भुइयांच्या वाढदिवसाला फुकट भोंगा फिरवता, आणि शेजारणीची बकरी हरवली तर भोंग्याचे वीस टाका रोख मागता.”

मी जेवलो नाही. पण तिला काय, तिने माझ्या ताटातला मासा मांजराला घातला.

भुइयांच्या घरात एक रीत होती. अर्जावर अनुमोदक म्हणून सही नेहमी एखाद्या गरिबाची घ्यायची आणि त्याला नवा पांढरा कुडता द्यायचा. शनिवारी सकाळी मी न बोलावता त्यांच्या दारात गेलो. छोटे भुइयां, तिशीतला पोरगा, ढाक्याहून आलेला आणि तिसऱ्याच दिवशी गावाला कंटाळलेला. त्याने अर्ज पुढे सरकवला, मी सही केली आणि नवा कुडता काखेत मारून निघालो. त्याला साहेब म्हणताना मला काही वाटत नव्हतं, त्याच्या आजोबांनाही म्हणत आलो होतो. पण मोकसेदला ‘चेअरमन साहेब’ म्हणायचं? वाटेत एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. घशाखाली उतरेना.

रविवार अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मोकसेद स्वतः माझ्या घरी आला. हातात अर्ज, दाढी नीट केलेली.

“सूचक निरंजन मास्तर,” तो म्हणाला. “अनुमोदक तू हो. खोंदकारांच्या भोंग्याला भुइयांच्या भोंग्याची सही असली, की लोकांना कळेल आपण भांडण मिटवलंय.”

“दुसरं कुणी नाही मिळालं?”

“मिळतील की रे, ढिगाने. पण सही तुझीच पाहिजे.”

आता नियम असा, की एका मतदाराने एकाच अर्जावर सही करायची. दुसरी केली तर तो दुसरा अर्ज बाद. हा नियम निवडणूक कचेरीने दिलेल्या कागदावरून मीच तीन दिवस गावभर ओरडत फिरलो होतो. मला तो पाठ होता. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, ‘बाबा, मी काल सही दिलीय, हारूनची घे.’ हारूनची टपरी माझ्या घरापासून शंभर पावलांवर.

हुस्नआरा दारात उभी होती. तिला कालच्या कुडत्याचं ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेन घेतलं आणि सही केली, नेहमीपेक्षा सुवाच्य.

मंगळवारी छाननी झाली. अधिकाऱ्याने दोन अर्ज शेजारी ठेवले आणि मोकसेदचा बाद म्हणून सांगितला. निरंजन मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“चुकून झालं, मास्तर,” मी म्हटलं.

“नियम तर तूच ओरडत होतास, इद्रिस,” ते म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

मोकसेद उठला. मला टपरीवर घेऊन गेला आणि दोन कोरे चहा सांगितले. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, “तुला मी चेअरमन झालेलं बघवलं नसतं, होय ना?”

मी कपातला उरलेला चहा हलवत बसलो.

“मलाही तू झालेलं बघवलं नसतं. सभेत मी तुझं नाव घेऊ शकलो असतो. तोंडाशी आलं होतं, गिळलं.” मग कप ठेवून म्हणाला, “खोंदकार-भुइयां काही मूर्ख नाहीत. आपणच एकमेकांचे पाय ओढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.”

त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. इथेही तो माझ्यावर मात करून गेला.

छोटे भुइयां निवडून आले. पुढच्या खेपेला खोंदकारांची सून. आम्ही दोघं आपापल्या रिक्षांतून ओरडत राहिलो. ती सही मी मुद्दाम केली होती, हे मोकसेदने कुणाला सांगितलं नाही. पाच वर्षांनी छोट्या भुइयांनी रस्त्यात मला विचारलं, “तुमचं नाव काय म्हणालात?”

मोकसेद गेल्या माघात गेला, छातीत कफ होऊन. त्याच्या मुलीने त्याचा माइक माझ्याकडे आणून दिला. “अब्बा म्हणायचे, माझ्या वेळी इद्रिसचाचांना सांग.”

मी रिक्षात बसलो. घोषणा मला पाठ होती, नाव, बापाचं नाव, जनाज्याची वेळ. पण मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर आल्यावर तोंडातून वेगळंच निघालं. “भावांनो, शिमुलतल्याचे चेअरमनपदाचे उमेदवार, मोकसेद अली, आज आपल्यात नाहीत. त्यांचा अर्ज बाद झाला नव्हता. मी केला होता.”

मासळीवाल्यांनी तराजू खाली ठेवले. हारून टपरीतून बाहेर आला. बायका दारात येऊन पदर डोळ्यांना लावू लागल्या. चाळीस वर्षांत माझ्या आवाजाला लोक पहिल्यांदाच रडले, आणि तेही त्याच्यासाठी.