तळ्याचा निम्मा कागद

परसातल्या तळ्यासाठी कागद घ्यायला मी भवानीनगरच्या दुकानात गेलो होतो. तळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात. बायकोला कमळं लावायची होती. जाड काळ्या कागदाचा शेवटचा तुकडा दुकानदारानं पसरला. तेवढ्यात एका अनोळखी म्हातारीनं त्याखाली मूठभर खडी सारली, चपला काढल्या आणि चक्क त्यावर निजली. या कुशीवरून त्या कुशीवर वळलीसुद्धा.

"आजी, गादीचं दुकान पलीकडं हाय!" दुकानदार म्हणाला.

"पाणी ह्याच्यावर जलमभर निजणार. खडीनं भोक पडतंय का बघाय नगं व्हय?"

तिला बदकांसाठी तळं करायचं होतं. तुकडा आधी मी मागितला होता, तरी मला अपराधी वाटलं.

"तुम्हीच न्या. मी साधी ताडपत्री घेतो."

"ती उन्हानं फाटंल, आन् तुजी बायकू मला शिव्या दील." ती दुकानदाराकडे वळली. "मधनं काप रं. तळं ल्हान चालंल, कागद पातळ नगं."

एरवी मी देऊन टाकतो आणि नंतर हळहळतो. त्या दिवशी मात्र निम्मा कागद घेऊन शीळ घालत निघालो. घरी खणलेला निम्मा खड्डा बुजवावा लागला, तरी शीळ थांबेना.