गुरुवारी न येणारा व्हिजिटर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही म्हणेन... पण आता पंचाहत्तरी उलटली आहे, आणि यातला माझा वाटा माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

इंदूरची आमची मिल बंद पडली तेव्हा मी टाइम ऑफिसात क्लार्क होतो, सदूभाऊ मागावर. पुढे मी कॉम्प्युटर शिकून सियागंजात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात लागलो आणि फायली, बँकेची कामं करायला सदूभाऊंनाही लावून घेतलं. मिलला सुट्टी गुरुवारी असायची. इथे रविवारी. तरी दर गुरुवारी ते म्हणायचेच — "वसंतराव, आज आपले माग बंद. जास्त पळवू नका भिया!"

तेव्हा मी आमच्या मराठी मंडळाची वधू-वर साइट सांभाळायचो. तिच्यावर कोण कधी येतं याचा आलेख बघायला मला फार आवडायचं. सकाळी ऑफिसं उघडली की चढ, जेवणाच्या वेळी खड्डा, चहानंतर पुन्हा चढ, संध्याकाळी सपाट. रविवारी शुकशुकाट. घरी इंटरनेट होतं कुणाकडे! सगळा समाज ऑफिसच्या खर्चानं जावई शोधत होता.

सदूभाऊही. दुपारच्या चहाला दोन मिनिटं ते आपल्या मुलीचं, वर्षाचं पान उघडायचे, फोटो बघायचे, बंद करायचे. गुरुवारी तेवढंही नाही. "सुट्टी," म्हणायचे.

एक दिवस सेठजी भडकले. "ये शादी-ब्याह की साइट दिन भर कौन चलाता है?"

दिवसभर मीच चालवायचो. मी खाली बघत राहिलो.

"मैं देखता हूँ सेठजी... थोड़ी देर," सदूभाऊ म्हणाले.

त्यांना त्याच दिवशी काढलं. डबा उचलताना त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. चार-पाच महिन्यांत हार्ट अटॅकनं गेले.

नंतर ते ऑफिसही बंद पडलं. मी मंडळाच्या खोलीत बसून साइट बघू लागलो. तेव्हा लक्षात आलं — वर्षाचं पान दुपारच्या चहाच्या सुमाराला कुणीतरी उघडतं. फक्त तेच पान. आणि नोंदीत नंबर दिसतो तो आमच्या जुन्या ऑफिसच्या इंटरनेट कनेक्शनचा!

मी सियागंजात गेलो. तिथे साड्यांचं गोदाम झालं होतं. मालक हसला, "भिया, यहाँ तो फोन की लाइन ही नहीं है." इंटरनेटवाल्यांना विचारलं, तर ते कनेक्शन कधीच कापलेलं, नंबर दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

मग मी महिन्याचा आलेख नीट पाहिला. बाकी सगळ्यांचे रविवार रिकामे. याचे रविवार भरलेले. आणि गुरुवार... एकूण एक गुरुवार कोरा.

ऑफिस गेलं होतं, मिल गेली होती, आणि सदूभाऊ अजून मिलचाच आठवडा पाळत होते.

वर्षभर हे चाललं. मी कुणाला बोललो नाही. एका गुरुवारी वहिनींचा, म्हणजे सदूभाऊंच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, वर्षाचं ठरलं बरं का! इथल्याच राऊ गावचा मुलगा आहे. आता साइटवरून तिचं नाव काढा."

मी नाव काढलं, फोटो काढला. पान मात्र ठेवलं. आज गुरुवार, ते उद्या येतील, असा विचार करून त्या कोऱ्या पानावर दोन ओळी टाइप केल्या.

शुक्रवारी चहा गार होईपर्यंत स्क्रीनसमोर बसलो. कुणी आलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही. पुन्हा कधीच नाही. पोरीचं ठरलं होतं. माझ्याशी त्यांचं काही काम नव्हतं.

लग्नात वहिनींना सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. त्या दिसेल त्याला सांगत होत्या, "आमच्या भावजींच्या साइटमुळे जमलं हो!" मी जेवून परत आलो.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ते पान अजून आहे. व्हिजिटर शून्य. मी स्वतःही उघडत नाही... आकडा बदलला तर पहिला मान त्यांचा असावा. त्यावर एवढंच लिहिलंय —

सदूभाऊ, दिवसभर साइट मी चालवत होतो. मला माफ करा.