मनगटावरचा खरा वार

नाफडे सरांची आणि माझी ओळख टेंगळाने झाली. भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सर लाकडी तलवारींनी जपानी कता शिकवतात. कता म्हणजे दोघांनी मिळून करायचे, आधीच ठरलेले वार-प्रतिवार. सगळं ठरलेलंच आहे म्हटल्यावर पहिल्याच दिवशी मी सरांचा वार निघण्याआधीच बाजूला झाले. सरांनी शांतपणे, मी जिथे सरकले होते तिथेच तलवार उतरवली, थेट माझ्या कपाळावर. "ठरलंय हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले, "तलवारीला नाही." मग सरांच्या पत्नी मालतीकाकूंनी घरून बर्फ आणला आणि पोहेही खाऊ घातले.

सर मूळचे नागपूरचे. भोपाळच्या कारखान्यात इंजिनिअर असताना प्रशिक्षणासाठी जपानला गेले आणि येताना ही विद्या घेऊन आले. नुसतं देखणेपण त्यांना खपत नाही. कॉलनीच्या कार्यक्रमात टाळ्यांसाठी आमच्यातल्या एकाने तलवार गरगर फिरवली, तेव्हा सर स्टेजखालूनच म्हणाले, "बेटा, ये तो पंखा चल रहा है. जोर से नहीं, सच्ची में मारो." पण हेच सर माझं बाळ तान्हं असताना आमच्या गच्चीवर येऊन शिकवत. बाळ रडलं की तलवार खाली, आणि बाळ सरांच्या खांद्यावर.

गेल्या वर्षी सरांचा गुडघा बदलला. साकेत नगरच्या इस्पितळात मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे त्यांना चालतं करण्याचं काम माझ्याकडेच आलं. आमच्या कतामध्ये हरण्याची बाजू नेहमी गुरूंची असते. ते वार करतात, शिष्याने बाजूला होऊन त्यांच्या मनगटावर मारायचं आणि त्यांनी मागे सरून हात वाचवायचा. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, तरी काकू हळूच म्हणाल्या, "त्यांना जरा सांभाळून मारा गं." आम्ही सगळेच वीतभर आधी थांबू लागलो. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. "तुम्ही हवेला मारताय," त्यांनी तलवार खाली ठेवली. "माझं काम संपलं असेल तर मी घरी बसतो."

आणि ते खरंच घरी बसले. आम्ही हॉल उघडायचो, पण कुणाचं मन लागेना.

काही रविवारांनी काकूच त्यांना घेऊन आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "मीच म्हटलं होतं, आता मीच सांगते. नीट मार. घरी बसून ते रोज थोडे थोडे म्हातारे होतायत, मला नाही बघवत." मला भीती वाटत होती, कारण तो गुडघा माझ्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. सरांचा वार आला. मी बाजूला झाले आणि काहीही हातचं न राखता मनगटावर मारलं. मनगट तिथे नव्हतं. सर एक पाऊल मागे उभे राहून हसत होते, आणि काकू पदराने डोळे पुसत होत्या.

सर, आज आपली पंचाहत्तरी झाली, आता निरोगी शरीराने शंभरी गाठा. गुडघ्याचे व्यायाम चुकवू नका. येत्या रविवारी मी खराच वार करणार आहे. आपलं मनगट तिथे नसावं, आणि पुढे कितीतरी वर्षं नसावं, एवढंच देवाजवळ मागते.