सहाव्या प्रकरणाची पिशवी

कोणीही समोर आलं की ती आधी खांद्यांकडे बघायची, चेहऱ्याकडे नंतर. पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझं नाव लिहून मोठ्या थाटात वर्गाकडे वळले, तर शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडमजी, डावा खांदा उतरून राहिला तुमचा. कोणी शिवला हा ब्लाउज?"

तुम्ही म्हणाल, अशा वेळी शिक्षिकेने रागवायला हवं. मी रागावणारच होते. पण तो खांदा खरंच उतरत होता आणि सांगलीपासून मला छळत होता.

ती माझी विद्यार्थिनी होती आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नवऱ्याची बँकेतली बदली जबलपूरला झाली म्हणून मी सांगलीहून इथे आले, आणि नेपियर टाउनमध्ये एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी, ओपन स्कूलच्या बारावीला मराठी शिकवू लागले. वर्गात सतरा-अठरा वर्षांची अकरा मुलंमुली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. विषय निवडला तो 'घरचीच भाषा आहे, मार्क मिळतील' एवढ्याच हिशेबाने. आणि त्यांच्यामागे ही, चव्वेचाळीस वर्षांची.

तिचे आजोबा भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत कामाला आले आणि इथलेच झाले. अधारतालच्या मेन रोडवर एका जिन्याखाली तिचं शिलाईचं दुकान होतं. आठवीत शाळा सुटली होती, दहावी तिने चाळिशीत केली. बरगीकडच्या एका सरकारी केंद्रात शिलाई शिकवणारी बाई हवी होती. तीन वेळा तिने अर्ज केला, तिन्ही वेळा बारावी नाही म्हणून तो परत आला. हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. "हात नाही पाहत ते लोक, कागद पाहतात," ती म्हणायची. "चलो, कागद आणू."

अभ्यासाला एक कादंबरी होती. आता ती लावलेली नाही, म्हणून नाव सांगत बसत नाही. एका मुलीची गोष्ट, नवव्या वर्षी सुरू होते आणि अठराव्या वर्षी ती गाव सोडते तिथे संपते. एम.ए.ला असल्यापासून माझी पाठ. मी उत्साहाच्या भरात फळ्यावर लिहिलं : 'प्रकल्प. कादंबरी वाचून काय वाटलं ते मांडा, कोणत्याही रूपात.' 'कोणत्याही' खाली दोन रेघा ओढल्या. त्या रेघा पुढे मला चांगल्याच महागात पडणार होत्या.

पुढच्या रविवारी अकरा जणांनी अकरा कविता आणल्या. त्यातल्या सात एकाच मोबाइलमधून निघाल्या असाव्यात, कारण सगळ्यांत पाचव्या ओळीला पाखरू उडत होतं. तिने आणला एक फ्रॉक.

खराखुरा, फुलाफुलांचा, नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली : 'प्रकरण पहिलं. वय नऊ. छाती चोवीस, लांबी सव्वीस.'

"हे माप पुस्तकात कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे ना जी. पोट्टीचा हात फडताळाच्या दुसऱ्या फळीला पोचत नाही असं लिहून राहिले ते. मग उंची किती झाली?" तिने फ्रॉकची कड उलटून दाखवली. आत चार बोटं कापड दुमडलेलं. "वाढत्या अंगाचं आहे. आत कापड ठेवा लागते."

'आत कापड ठेव' हे तिचं पालुपद. पोरांच्या उत्तरपत्रिकांनाही तेच. "उत्तर इतकं तंग काहून लिहिलं रे? आत कापड ठेव थोडं. सरांनी ओढलं तर उसवेल."

दर रविवारी एक प्रकरण, एक कपडा. आणि चौथ्या रविवारी तिने स्फोट केला. "मॅडमजी, इथं लेखकाची गडबड झाली. दुसऱ्या प्रकरणात जो पिवळा फ्रॉक आहे, तोच चौथ्यात घालून पोट्टी जत्रेत जाते. मधात दीड वर्ष गेलं. कड सोडली नाही, बगल उसवली नाही. पोट्टी वाढली नाही काय?"

मी पुस्तक उघडलं. पानं मागे-पुढे केली. पिवळाच फ्रॉक होता! माझ्या पाठ असलेल्या कादंबरीत इतकी वर्षं तो मला दिसला नव्हता. वर्गात एकच गलका झाला. ज्या पोरांनी पुस्तकाचं कव्हरही धड पाहिलं नव्हतं, ती त्या दिवसापासून लेखकाला पकडायला पुस्तक वाचू लागली. एकाला बापाची सायकल सापडली, विकल्यानंतरही अंगणात उभी असलेली. एक मुलगी जिन्यातच ओरडत आली, "मॅम, मॅम, आजी नवव्या प्रकरणात दोनदा चहा पिते!" त्यात चूक काय होती कोण जाणे, पण तिचा आनंद बघून मीही टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं शिकवतेय, पण इतका जिवंत वर्ग मला पुन्हा मिळाला नाही.

सहाव्या प्रकरणात त्या मुलीला शाळेतून काढतात. त्या रविवारी ही घेऊन आली एक पिशवी. जाड कापडाची, भाजी आणायची असते तशी. ती तिने बाकावर ठेवली.

"अहो, ही कुठली? या प्रकरणात पिशवी नाहीच आहे," मी म्हटलं.

"आहे जी," ती म्हणाली, आणि सुई ओवत खाली बघत राहिली. मला वाटलं, बाईचं प्रकरण चुकलं. मी पुढे गेले, हे आज कबूल करते.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, स्वभावाने कोरडे. पोरांच्या फायली एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला हिचे दहा कपडे न् ती पिशवी. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "हे काय आहे?"

"प्रोजेक्ट आहे जी."

"लेखी काय आहे?"

लेखी काही नव्हतं. प्रकल्प लेखीच हवा हे परिपत्रकात छापलं होतं आणि मी ते नीट वाचलं नव्हतं. मी सांगितलं, चूक माझी आहे, 'कोणत्याही रूपात' मी म्हटलं, शिक्षा मला करा. ते म्हणाले, "शिक्षेचा प्रश्न नाही बाई. कागद नसेल तर मी शून्यच लिहू शकतो." शून्य म्हणजे नापास, आणि नापास म्हणजे बरगी संपलं. मी पुन्हा विनवायला लागले. तिने मात्र घड्याळाकडे पाहिलं.

"बाकीच्यांच्या फायली आणि तोंडी परीक्षा व्हायला किती वेळ लागेल, सर?"

"दीड तास."

"मग कागद द्या."

ती बसली आणि लिहीत सुटली. मराठी लिहायला घाबरणारी बाई, एकदाही मान वर केली नाही. अकरा पोरं आपापल्या तोंडी परीक्षा उरकून जिन्यात उभी, एकही घरी जायला तयार नाही. दीड तासाने तिने पानं पुढे ठेवली. सगळी कादंबरी तिने शिवायच्या कृतीसारखी लिहिली होती. प्रकरणागणिक माप, कापड, कुठे सैल ठेवायचं आणि का.

परीक्षक वाचत गेले. सहाव्या प्रकरणावर थांबले आणि मोठ्याने वाचू लागले :

'शाळा सुटली. नवीन कापड नाही. युनिफॉर्मचा घेर उसवावा, त्यात एक पिशवी निघते. छातीवरचा खिसा वाया घालवू नये, पिशवीला बाहेरून लावावा. खिशावर शाळेचं नाव भरलेलं असते. दोरे काढले तरी खूण जात नाही. भाजी आणायला शाळेवरून जावं लागलं तर पोरीनं पिशवी उलटी धरावी, म्हणजे खिसा दिसत नाही.'

मी पिशवी उचलून उलटी केली. मागच्या बाजूला खिसा होता. त्यावर सुईच्या छिद्रांची एक ओळ.

"हे पुस्तकात नाही," परीक्षक हळूच म्हणाले.

"पुस्तकात नाही, सर. माझ्या घरी होतं."

"मुलगी रडली असं पुस्तकात आहे. ते तुम्ही घेतलं नाही."

"कापताना रडलं तर कापड तिरकं जाते जी."

मला तिथे रडू आलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. परीक्षकांनी मार्क लिहिले, सही केली आणि पानांना स्वतःच्या हाताने टाचणी लावली. जिन्यातली पोरं आत घुसली, ओरडली, कोणी तिला मिठी मारली. खालून दवाखान्याच्या कंपाउंडरने वर येऊन सगळ्यांना दम दिला.

निकाल लागला, अर्ज गेला, आणि या वेळी परत आला नाही. जिन्याखालचं दुकान बंद करून ती बरगीला गेली. पुढच्या वर्षीच्या वर्गाला मी 'प्रकल्प लेखी हवा' असं आधी बजावलं, आणि मग शेवटच्या बाकाकडे बघून उगाच थांबले.

परवा तिने फोन केला, "मॅडमजी, याच तुम्ही आता." मी बस धरून गेले. एक खोली, दहा मशीन, मशीनवर गावातल्या बाया, आणि मधून फिरणारी ही. दहावं मशीन मात्र झाकलेलं. मी विचारेपर्यंत तिनेच सांगितलं. गेल्या आठवड्यात एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती, म्हणे हिची शाळा छुडवली, सिलाई शिकवा.

"मी सांगितलं, नाही शिकवत. पहले स्कूल में नाम डलवाओ. चार वाजता शाळा सुटते ना? तेव्हा पाठवा. तोवर हे मशीन कोणाला देत नाही."

"टाकलं नाव?"

"आज पहिला दिवस आहे तिचा." एवढं म्हणताना बाईने त्या मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. "येईल ना जी?"

"येईल हो," मी म्हटलं. मला तरी काय ठाऊक!

माझी बस चारला होती. ती सुटली आणि वळणावर अडली, कारण शाळा सुटली होती. पोरींचा लोंढा रस्त्यावर आला होता, दप्तरं पाठीला, वेण्या सुटलेल्या, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. त्यातली ती कोणती, मला कळणं शक्य नव्हतं. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि सगळ्यांनाच हात केला.